दोन बोटं आणि एक अंगठा

डॉक्टरीणबाईंनी “बसा” म्हटलं, तरी रीडरबाई उभ्याच राहिल्या. त्यात उद्धटपणा नव्हता. वीजकंपनीत एकवीस वर्षं मीटरचं रीडिंग घेत हिंडल्यामुळे त्यांचं आणि खुर्चीचं फारसं जमत नसे. दिवसाला तीनशे मीटर, म्हणजे तीनशे फाटकं, आणि फाटकामागचे कुत्रे धरले तर साडेतीनशे गाठीभेटी. घरी त्या जेवायच्या तेही ओट्याला टेकून. लग्नाच्या फोटोत नवरा बसलेला आहे आणि त्या उभ्या आहेत. ती फोटोग्राफरची सूचना होती असं सासरी सगळ्यांना सांगण्यात येई.

“डाव्या गालावरचा हा डाग कधीपासूनचा?” डॉक्टरीणबाईंनी भिंग जवळ आणलं.

“मागच्या उन्हाळ्यात मसुरीएवढा होता.”

“आणि आता?”

“आता तुम्ही सांगा. आज रीडिंग घ्यायचं काम तुमचं.”

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, त्यामुळे पेशंटच्या विनोदाला हसायची त्यांना अजून भीती वाटत असावी. त्यांनी पट्टीने डाग मोजला, कागदावर आकडा लिहिला आणि म्हणाल्या, “आत्ता घाबरण्यासारखं काही नाही. पण कड खरखरीत झालीय. रोज सनस्क्रीन लावायचं. पहिलं बोट आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर भरून येईल एवढं एका वेळी. दर तीन तासांनी परत. आठ आठवडे बघू. डाग वाढला तर तुकडा काढून तपासायला पाठवू, आणि उन्हातलं काम बंद, असं मी लिहून देईन.”

“आणि नाही वाढला तर?”

“तर नाही लिहून देणार.”

रीडरबाई तेवढं ऐकून दाराबाहेर पोहोचल्या होत्या. चिठ्ठी त्यांच्या मागून धावत आली, कंपाउंडरच्या हातात.

ही लिहून द्यायची आणि न द्यायची गोष्ट कंपनीत पोहोचायला एक दिवस लागला, आणि साहेबांना ती फार आवडली. तक्रार टेबलावरचे कारकून दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेवर यायला कोणी तयार नव्हतं. तक्रार टेबल जिन्याखालच्या खोलीत होतं. खोलीला खिडकी नव्हती. पंखा होता, पण तो लावला की कागद उडतात म्हणून लावत नसत. दिवसभर तिथे बसायचं आणि लोक जे बोलतील ते सभ्य भाषेत करून रजिस्टरात उतरवायचं.

“बाई, सावली आहे,” साहेब म्हणाले. “आणखी काय पाहिजे माणसाला?”

“पाय हलवायला जागा आहे का टेबलाखाली?”

“पाय कशाला हलवायचेत?”

आपण आत्ता उभ्या उभ्याही टाचा वरखाली करतो आहोत, हे रीडरबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी टाचा टेकवल्या. पुन्हा त्या वर गेल्या.

घरी नवऱ्यालाही साहेबांचं म्हणणं पटलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. सकाळी डोळ्याला भिंग लावून स्टुलावर बसला की दुपारी त्याला जेवायला हाक मारून उठवावं लागे. बसून राहण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

“अगं, बसायला मिळतंय तर बस की. लोक वशिले लावतात त्याच्यासाठी.”

“तुम्ही बसा. एका घरात एक बैठा माणूस पुरे.”

“तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

“अहो, त्या खोलीत मला बसवलंत तर महिन्याभरात मी भिंतींचं रीडिंग घ्यायला लागेन.”

नवरा हसला, पण त्याच्या हातातलं घड्याळ थोडा वेळ तसंच उघडं राहिलं. भिंगाशिवायच्या डोळ्याने तो बायकोच्या गालाकडे बघत होता.

आता आठ आठवड्यांत चेहऱ्यावर टिकेल असं काहीतरी शोधणं एवढंच उरलं होतं, आणि त्यासाठी घरातच तज्ज्ञ होत्या. रीडरबाईंची धाकटी नणंद औषधांच्या मोठ्या दुकानात क्रीम-पावडरच्या काउंटरवर होती. दुकानातला एसी इतका जोरात असे की वन्सं अंगात स्वेटर घालून उन्हाळ्यासाठी काय चांगलं ते गिऱ्हाइकांना सांगत.

“वहिनी, हात पुढे कर,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी रीडरबाईंच्या मनगटावर पाच ठिपके काढले. “हे क्रीम, हे लोशन, हे जेल, हे पाण्यासारखं, आणि ही स्टिक. तुझी कातडी तेलकट, त्यात घाम. मुख्य म्हणजे टेक्स्चर बघायचं. हलकं पाहिजे. लावलंय असं वाटताच कामा नये.”

“लावलंय असं वाटलं नाही तर लावलंय हे कळणार कसं?”

“तेच तर त्याचं वैशिष्ट्य. गिऱ्हाईक लावतं आणि विसरून जातं. मी दिवसातून पन्नास वेळा हेच सांगते, लावलंय असं वाटतच नाही.”

रीडरबाईंनी पाची ठिपके चोळून पाहिले. पाचही छान होते. अडचण एवढीच होती, की एकवीस वर्षांत त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूने कधी मीटर वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तरी ते स्वेटर घालण्यासारख्या हवेत वाचलं नसतं.

त्यांनी आपल्या पद्धतीने चाचणी घ्यायची ठरवली. कंपनीत रीडिंगपुढे शेरा लिहायची पद्धत आहे. “फाटक बंद”, “काच धुरकट”, “आकडा अस्पष्ट”, आणि काहीच समजेना झालं की “शंकास्पद”. रीडरबाईंनी एक छोटी वही केली. तीत तारीख, सनस्क्रीनचा प्रकार आणि दहा, बारा, दोन वाजता चेहऱ्याचा शेरा.

पहिला आठवडा क्रीमचा. दोन बोटांवर भरून क्रीम घेतलं आणि चेहऱ्याला लावलं, तेव्हा नवरा म्हणाला, “कुठे नाटकात काम मिळालंय का?” कोपऱ्यावरच्या घरातला कुत्रा सहा वर्षं त्यांना ओळखत होता. त्या दिवशी त्याने ओळख नाकारली. साडेदहाला ऊन तापलं आणि क्रीमने घामाबरोबर खाली उतरायला सुरुवात केली. ते भुवईपाशी जरा थांबलं आणि मग डोळ्यांत गेलं. रीडरबाईंना एका मीटरवर आठाचा तीन दिसला, पलीकडच्या मीटरवर तिनाचा आठ, आणि मग मीटरच दोन दिसली. वहीत नोंद झाली, “क्रीम. बारा वाजता. आकडा अस्पष्ट.”

दुसरा आठवडा लोशनचा. लोशन डोळ्यांत जात नसे, कारण साडेनवापर्यंत ते कॉलरमध्ये गेलेलं असे. शेरा, “फाटक बंद,” म्हणजे घरात कोणीच नाही.

तिसरा आठवडा जेलचा. जेलने पहिले दोन दिवस रीडरबाईंचं मन जिंकलं. गार लागायचं, लगेच मुरायचं. तिसऱ्या दिवशी तीन तासांनी त्यांनी जेलवर जेल लावलं, तर गालावरून खोडरबराने खोडल्यासारख्या बारीक वळ्या निघायला लागल्या. एका घरातल्या आजींनी फाटकातून वाकून पाहिलं आणि आस्थेने विचारलं, “साप कात टाकतो तसं होतंय का गं तुला?”

“नाही हो आजी. नवीन टेक्स्चर आहे.”

“औषध घेतेस ना?”

“हेच औषध आहे.”

या काळात रीडरबाईंना आणखी एक खोड लागली. रस्त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक स्कूटरच्या आरशात त्या वाकून डावा गाल बघत. डाग वाढला की नाही हे फाटका-फाटकागणिक बघितल्याने कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. महिन्याचं रीडिंग महिन्यानेच घ्यायचं असतं. तरी पाय आपोआप आरशाकडे वळत. “बाई, आरसा वाकडा केलात तर सरळ करून जात जा,” असं एक स्कूटरवाले गृहस्थ म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढच्या वेळी ते घराबाहेर आले नाहीत. घरी ओट्याला टेकून जेवतानाही रीडरबाईंचा पाय वाजत राही, आणि आत टेबलावर सुटे केलेले घड्याळाचे बारीक स्क्रू त्या तालावर सरकत.

“अगं, जरा थांबव तो पाय. माझं सेकंदाचं चाक पळतंय.”

“पळू द्या. चार आठवडे संपले, त्यांना नाही मी थांबवू शकले.”

चार आठवड्यांनी मधली तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, पट्टी लावली, जुना कागद काढला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“लावता ना नियमित?”

“दोन बोटं. दर तीन तासांनी.”

“चेहरा बाकी सगळीकडे चांगला आहे. उजवा गाल, कपाळ, नाक, सगळं सुधारलंय. फक्त डागाच्या जागी… किंचित वाढलाय. अर्धा मिलिमीटर.”

“अर्धा मिलिमीटर म्हणजे वाढ धरता का तुम्ही?”

“चार आठवड्यांत, सनस्क्रीन लावून? धरावी लागते.” मग त्या थांबून म्हणाल्या, “टेक्स्चर बदलून बघा. तुम्हाला सोसेल ते शोधा. अजून चार आठवडे आहेत.”

रीडरबाई या वेळी बसल्या होत्या. ते लक्षात येताच ताडकन उठल्या.

वन्संनी मग सगळी फौज उतरवली. पाण्यासारखं आलं आणि पाण्यासारखं गेलं. फवारा आला. तो रीडरबाईंनी रस्त्यात उभं राहून मारला तेव्हा वारा होता, आणि त्यांच्या शेजारून चाललेल्या पोस्टमनला दिवसभर पुरेल एवढं संरक्षण मिळालं. शेवटी स्टिक आली. जाड, पांढरी, खडूसारखी. गालावर दोनदा ओढली की पट्टा उठायचा आणि घामाला दाद द्यायचा नाही. सोमवारी रीडरबाईंनी ती लावली आणि नव्या वसाहतीत एकशे चाळीस घरांचं रीडिंग घेतलं. बाराला स्कूटरच्या आरशात पाहिलं. कपाळ शाबूत, नाक शाबूत, उजवा गाल शाबूत. डावा गाल आरशात नीट आला नाही, कारण आरसा त्या स्कूटरवाल्या गृहस्थांनी घट्ट करून ठेवला होता. वहीत शेरा पडला, “ठीक.” महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा जीव भांड्यात पडला.

तो भांड्यात गुरुवारपर्यंत राहिला.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. “बाई, नव्या वसाहतीत जाऊन या. तिथले सेक्रेटरी मला तासाभरात चार वेळा फोन करून चुकले. म्हणतात, चोरांनी घरांवर खुणा केल्यात. मीटरच्या काचेवर. काच कंपनीची, म्हणून कंपनीचं माणूस पाहिजे. तुम्हाला तिथली सगळी मीटरं माहीत आहेत.”

वसाहतीचे सेक्रेटरी निवृत्त कवायत शिक्षक होते. मिशांमुळे त्यांना सगळे मेजर म्हणत आणि हळूहळू त्यांनाही ते पटलं होतं. सभागृहाच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस रहिवासी जमले होते. भिंतीवर वसाहतीचा नकाशा चिकटवला होता आणि मेजर हातात फूटपट्टी घेऊन उभे होते. बाजूला, उन्हात, वॉचमनकाका. त्यांच्या हातात त्यांचं रजिस्टर होतं, आणि ते त्यांनी छातीशी असं धरलं होतं की पाटी घेऊन वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाची आठवण व्हावी.

“या बाई. तुम्हाला थोडक्यात सांगतो,” मेजर म्हणाले. ते थोडक्यात सांगत नाहीत हे माहीत असल्याने काही जण पायऱ्यांवर बसले. “एकशे चाळीसपैकी एकशे छत्तीस मीटरांच्या काचेवर पांढरा ठसा. अंगठ्याएवढा. काही घरांवर एक ठसा, काहींवर दोन. मी तक्ता केलाय. दोन ठसे कुठे? जिथे म्हातारं माणूस एकटं राहतं तिथे. एक ठसा कुठे? जिथे कुत्रा आहे, तरणी माणसं आहेत तिथे. ज्याने हे केलं त्याला घरोघरची माहिती आहे.”

दोन ठशांच्या घरातल्या एक आजी म्हणाल्या, “मेले इतका विचार करतात आमचा, पोरं नाही करत.”

“आता प्रश्न असा की सोमवारी आत कोण आलं. काका, रजिस्टर वाचा.”

वॉचमनकाकांनी रजिस्टर उघडलं. “दूधवाला. पेपरवाला. गॅसवाला. सात नंबरचे पाहुणे. नळवाला. बस.”

“ते सगळे एकेका घरी गेले. एकशे छत्तीस घरी कोणी गेलं नाही. मग सगळ्या फाटकांपर्यंत फिरतं कोण? रोज, बिनबोभाट?” मेजरांनी फूटपट्टी काकांकडे वळवली नाही, पण सगळ्यांच्या माना वळल्या. “मी आरोप करत नाही. एजन्सीला एवढंच कळवतोय, की उद्यापासून दुसरा माणूस द्या.”

काका म्हणाले, “साहेब, मी खूण कशाला करीन? मला घरं पाठ आहेत.”

हे त्यांनी स्वतःच्या बचावासाठी म्हटलं होतं. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी ते लिहून घेतलं.

रीडरबाई यादी ऐकताना अस्वस्थ झाल्या होत्या. सोमवारी त्या स्वतः आल्या होत्या, आणि यादीत त्या नव्हत्या. मीटरवाली बाई येऊन गेली, तर कोणी आलं होतं असं कोणाला वाटतच नाही. रजिस्टरवर सही करायला फाटकाशी थांबावं लागतं आणि त्या कधी थांबत नसत. काका पहिल्या वर्षी रजिस्टर घेऊन त्यांच्यामागे धावले होते, दुसऱ्या वर्षी नुसते चालले होते, आणि मग त्यांनी नाद सोडला होता.

“मी जरा काच बघून येते,” त्या म्हणाल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत सर्वांत जवळच्या घराच्या भिंतीशी पोहोचल्या.

बाराचं ऊन होतं. काचेवर ठसा होता, त्यावर तीन दिवसांची धूळ बसली होती, आणि खालचे आकडे दिसत नव्हते. उजव्या हातात पिशवी होती. डावा हात आपला आपण वर गेला. अंगठा डाव्या गालावरून फिरून घामाने ओला झाला, काचेवर टेकला आणि एक गोल फिरला. आकडे दिसायला लागले. रीडरबाईंनी ते सवयीने वाचलेही. मग त्यांना अंगठा दिसला. पांढरा.

कोरड्या अंगठ्याने काचेवरची धूळ जात नाही, नुसती सरकते. अंगठा ओला लागतो. ज्या जुन्या रीडरच्या हाताखाली त्या शिकल्या ते थुंकी लावत. बाईमाणसाला ते बरं दिसत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी घामाची सोय शोधली होती. उजव्या हातात रीडिंगचं मशीन, त्यामुळे डावा अंगठा, त्यामुळे डावा गाल. दिवसाला तीनशे वेळा, एकवीस वर्षं, बरोबर एकाच जागी. क्रीम, लोशन, जेल, सगळं त्या जागेवरून अंगठ्याला लागून काचेवर गेलं होतं. घामात पातळ होऊन काचेवर दिसत नव्हतं तोवर कळलं नाही, एवढंच. कुत्र्याच्या घरात त्या घाईने एकदाच पुसत. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या मीटरची काच कोण पुसतं? तिथे दोनदा पुसावी लागे. मेजरांचा तक्ता अगदी बरोबर होता.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. आत्ता पायऱ्यांवर जाऊन हे सांगितलं, की दुपारपर्यंत ते साहेबांच्या कानावर जाईल आणि साहेबांना डॉक्टरच्या चिठ्ठीचीही गरज उरणार नाही. न सांगितलं, तर दोन दिवसांत ठसे पुसले जातील आणि कोणाला काही कळणार नाही. काकांच्या जागी दुसरा माणूस येईल. तो कदाचित त्यांना थांबवून सही घेईल.

त्यांच्या टाचा वरखाली व्हायच्या थांबल्या होत्या. हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या परत आल्या आणि त्यांनी मेजरांच्या नकाशावर, सभागृहाच्या जागी, अंगठा टेकवला. ठसा उठला.

“जुळतोय का बघा.”

मेजरांनी फूटपट्टी लावली. जुळत होता. त्यांनी पुन्हा लावली.

“म्हणजे हे तुम्ही…”

“सनस्क्रीन आहे. स्टिक. घामाला दाद देत नाही म्हणतात, अंगठ्याला देते. सोमवारी मी आले होते. काकांनी लिहिलं नाही, कारण मी थांबत नाही. त्यात त्यांचा दोष नाही.”

“पण दोन-दोन ठसे? एकट्या माणसांच्या घरांवर?”

“तुमच्या काचा घाण असतात,” रीडरबाई म्हणाल्या. मग दोन ठशांच्या आजींकडे बघून त्यांनी आवाज उतरवला, “तुमचा हात पोचत नाही तिथवर, म्हणून मी दोनदा पुसते.”

आजी म्हणाल्या, “ये गं पुढच्या वेळी आत. पाणी पिऊन जा.”

“बसायला सांगू नका फक्त.”

वॉचमनकाकांनी रजिस्टर उघडून पेन पुढे केलं. “आता तरी कर सही, बाई. सोमवारची.” रीडरबाईंनी केली. अंगठाही उठला, शेजारी.

मेजरांना तक्ता फुकट जाण्याचं दुःख सहन झालं नाही. त्यांनी रीतसर तक्रार केली. जिन्याखालच्या कारकुनांनी ती सभ्य भाषेत रजिस्टरात उतरवली, “ग्राहकांच्या मीटरवर कर्मचाऱ्याचा चेहरा आढळला.” साहेबांनी ती वाचली, रीडरबाईंना बोलावलं आणि निवृत्तीला किती दिवस राहिले ते कारकुनांना विचारलं. बावीस.

“बाई, हे बाहेरचं काम आता तुम्हाला झेपत नाही, हे देवानेच दाखवून दिलं.”

“डॉक्टरांनी लिहून दिलं तर बसेन. देवाचा सही-शिक्का चालतो का आपल्याकडे?”

साहेबांनी नियम आठवून पाहिला. चालत नव्हता.

संध्याकाळी त्या थेट वन्संच्या काउंटरवर गेल्या. “वन्सं, सगळ्यांत चिकट काय आहे तुझ्याकडे?”

“चिकट? वहिनी, लोक चिकट नको म्हणून येतात.”

“मला चिकट पाहिजे. लावलंय असं क्षणोक्षणी वाटलं पाहिजे. हात लागला की किळस आली पाहिजे.”

वन्संनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि अगदी खालच्या खणातून एक ट्यूब काढली. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या मालाचा तो खण होता. “हे बघ. एकजण म्हणाली गोंद आहे. एकीच्या गालाला उशी चिकटली. गुण चांगला आहे याचा, पण टेक्स्चर म्हणजे… मी हे विकलं तर माझी नोकरी जाईल.”

“न विकलंस तर माझी जाईल.”

तो लेप दुसऱ्या दिवशी सकाळी गालावर बसला तो बसलाच. धूळ येऊन त्याला चिकटली, एक चिलट चिकटलं, केसांची बट चिकटली. पहिल्या मीटरपाशी डावा अंगठा सवयीने वर गेला, गालाला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. दुसऱ्या मीटरपाशीही. अंगठ्याला एकवीस वर्षांची शिकवण विसरायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत रीडरबाईंनी त्याला जे काही ऐकवलं ते तक्रार टेबलावरही सभ्य भाषेत आणता आलं नसतं. काच पुसायचं काय, हा प्रश्न नवऱ्याने सोडवला. पहिल्या दिवशी त्या घराबाहेर पडताना तो स्टुलावरून उठला. सकाळच्या वेळी तो आपणहून उठलेला त्यांनी प्रथमच पाहिला. घड्याळांच्या काचा पुसायचं मऊ चामडं त्याने पाण्यात बुडवून पिळलं आणि त्यांच्या डाव्या मनगटाला बांधलं.

“याने धूळही जाते आणि ओरखडा पडत नाही,” तो म्हणाला.

“मीटरला ओरखडा पडला तर पडू दे.”

“मीटरचं नाही म्हणत मी,” असं म्हणून तो पुन्हा बसला आणि त्याने भिंग लावलं.

रीडरबाईंनी स्कूटरच्या आरशांत बघणं बंद केलं. म्हणजे ठरवलं. जमलं असं नाही. चिकट गालावर आरशातही काही दिसत नव्हतं, पण पाय वळायचे ते वळतच होते.

आठवा आठवडा संपला. डॉक्टरीणबाईंच्या दारात रीडरबाईंचा नंबर सातवा होता. सहा पेशंट होईपर्यंत त्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात जेवढ्या फेऱ्या घातल्या, त्यात एक लहानशी वसाहत आटोपली असती. आत गेल्यावर त्यांनी अंगठ्याची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या, आणि या वेळी त्यांना हसू आवरलं नाही.

“म्हणजे पाच आठवडे तुम्ही मीटरांना सनस्क्रीन लावत होतात.”

“त्यांना काही त्रास व्हायचा नाही आता. तुम्ही गालाचं बघा.”

डॉक्टरीणबाईंनी स्पिरिटचा बोळा घेऊन लेप काढायला सुरुवात केली. तीन बोळे लागले. मग भिंग. मग पट्टी. पट्टी त्यांनी आडवी धरली, मग उभी धरली. कागद शोधायला त्यांना वेळ लागला. तो जवळच, पेपरवेटखाली होता. रीडरबाईंना तो केव्हाच दिसला होता, पण तो सापडायची त्यांना घाई नव्हती.

“कड मऊ पडलीय,” डॉक्टरीणबाई अखेर म्हणाल्या. “आणि डाग चार आठवड्यांपूर्वी होता तेवढाच आहे. तोच आकडा.”

मागच्या वेळचाच आकडा. एकवीस वर्षांत असं रीडिंग जिथे जिथे मिळालं होतं, तिथे रीडरबाईंनी डोळे झाकून एकच शेरा लिहिला होता, “शंकास्पद.” मागचाच आकडा याचा अर्थ मीटर बंद पडलंय, किंवा कोणीतरी काहीतरी केलंय. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांनी वाकून पट्टी स्वतः पाहिली, भिंगातून नव्हे, नुसत्या डोळ्यांनी.

“पुन्हा एकदा मोजा.”

डॉक्टरीणबाईंनी मोजलं. तोच आकडा आला.

“म्हणजे लिहून देणार नाही?”

“नाही देणार. लेप टिकल्यापासून तो वाढलेला नाही. तीन महिन्यांनी या. आणि त्या जागेला हात…”

पुढचं रीडरबाईंनी दारातून ऐकलं. बाहेर चार वाजले होते, ऊन अजून कलतं झालं नव्हतं, आणि वळणापलीकडच्या गल्लीतली सतरा मीटरं सकाळी राहिली होती. त्यांनी पायरीवर उभं राहून दोन बोटांवर लेप घेतला, गालावर थापला, आणि तो नीट बसायच्या आतच चालायला लागल्या.